अनोळखी इसम

शेजारच्या वच्छलाबाईंनी आणून दिलेल्या वरणात तिखट नव्हतं. आदल्या दिवशी समोरच्या घरातून आलेली मुगाची खिचडीही तशीच, पांढरीफटक. अंबिका ताटापुढं बसून विचार करत होती, की आपल्याला ताप नाही, पोट बिघडलेलं नाही, मग या सगळ्या बायकांनी न ठरवता आपलं तिखट का बंद केलं असेल? ती स्वयंपाकघरात गेली, चटणीची बरणी काढली आणि भातावर चांगली दोन बोटं चटणी घेतली. आई भानुमती चुलीपाशी उभी होती. ती बघत राहिली.

हे एकोणऐंशी सालचं. गारखेड्याच्या नव्या प्लॉटांवर तेव्हा मोजकी घरं होती आणि मधल्या मोकळ्या जागेत ज्वारी उभी असायची. अंबिकेचे वडील अनंतराव सरकारी कचेरीत कारकून. थोरला भाऊ केशव, त्याचा चिकलठाण्याला लेथचा छोटा कारखाना, भागीदार बद्रीनाथ. मशीन बद्रीनाथचं, शेड बद्रीनाथची, अक्कल आणि मेहनत केशवची. अंबिका एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होती. बिघडलेला तराजू उघडून बसायची तिला भारी हौस. कुणी काही सांगितलं की 'असं का?' हे तिच्या तोंडून निघायचंच, आणि त्यापायी लहानपणी तिनं मारही खाल्ला होता.

आठवड्यापूर्वी दुपारी ती केशवचा डबा घेऊन कारखान्यावर गेली होती. केशव माल पोचवायला जालन्याला गेला होता, हे तिला तिथं गेल्यावर कळलं. बद्रीनाथ म्हणाला, "बस, येईलच इतक्यात." मग त्यानं शटर ओढलं. मशीन चालूच होतं, त्यामुळं तिचं ओरडणं बाहेर कुणाच्या कानी गेलं नाही. सगळं झाल्यावर त्यानं मशीन बंद केलं आणि अगदी कामाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं, "केशवला बोलू नको. नुकसान त्याचंच हाय."

बसमध्ये लोक बघतील म्हणून ती रुळाच्या कडेकडेनं चालत घरी आली. पण नळावर बायका होत्याच. फाटलेली बाही, एका पायात चप्पल नाही. सांगायचं काय उरलं होतं? वच्छलाबाईंचे यजमान पुंजाराम पोलिसात हवालदार. संध्याकाळी ते आले, टोपी हातात धरून ओट्यावर बसले आणि म्हणाले, "अनंतराव, चार बायांनी बघितलंय. मला ठावं असून मी गप बसलो तर उद्या माझ्यावर येईल. तक्रार द्या."

तोवर अंबिकेनं आईला नाव सांगितलं होतं. आईनं ते वडिलांना आणि केशवला सांगितलं. दार लावून तिघं आत बसले. बाहेर आले तेव्हा ठरलेलं होतं. पोलीस ठाण्यात केशवच बोलला. बहीण रुळाच्या कडेनं येत होती, मागून कुणीतरी धरलं, अंधूक दिसलं, ओळखलं नाही. जमादारानं लिहिलं, 'अनोळखी इसम'. मग अंबिकेकडं वळून त्यानं विचारलं, "बरोबर आहे का, बाई?" तिच्या घशातून आवाज निघेना. समोर कागद आला. तिनं सही केली.

त्यानंतर बायका यायला लागल्या. त्या पदर सावरून बसायच्या, अंबिकेच्या हातांकडं बघायच्या, तोंडाकडं बघायच्या नाहीत. एकीनं तर जाताना तिला नमस्कार केला. हा नमस्कार कशाला, हे अंबिकेला कितीतरी वेळ समजेना. त्या प्रकाराचं नाव त्यांच्यापैकी कुणीच घेत नव्हतं. 'ते', 'तसलं', 'जे झालं ते'. एक म्हातारी म्हणाली, "पोरीची अब्रू गेली गं." अंबिकेला मनात आलं, कुठं गेली? गेली असेल तर ती आता बद्रीनाथकडं असायला हवी. मग त्याच्याकडं दोन झाल्या का? हे विचारावं असं कुणी समोर नव्हतं.

अशाच एका दुपारी ती पडून होती. पलीकडच्या खोलीत आई काही पुटपुटली आणि वडील हळू आवाजात म्हणाले, "नाव घेतलं की मनकर्णीसारखं होतं. मी बघितलंय एकदा. पुन्हा बघायचं नाही मला."

मनकर्णी कोण? हे नाव अंबिकेनं जन्मात ऐकलं नव्हतं. तिनं आईला विचारलं. आई म्हणाली, "कुणी नाही. मेथी निवड." वडिलांना विचारलं, तर ते पायांत चपला घालून फाटकाबाहेर गेले. केशवला खरंच ठाऊक नव्हतं. शेवटी वेणी घालताना, लेकीचं तोंड पलीकडं असताना, भानुमती म्हणाली, "तुझी आत्या. यांची सख्खी बहीण. खुलताबादला असते म्हणतात."

"तू पाहिलंस तिला?"

"नाही. मी लग्न होऊन आले तेव्हाच सासूबाईंनी सांगितलं होतं, या नावाबद्दल विचारायचं नाही."

"मग तू कधीच विचारलं नाहीस?"

"नाही."

अंबिकेला याचंच जास्त नवल वाटलं. सव्वीस-सत्तावीस वर्षं एका घरात एक बाई नांदते आणि नवऱ्याला एक बहीण आहे, तिचं काय झालं, हे तिला विचारावंसंही वाटत नाही. की वाटतं, आणि गिळता येतं?

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून सामान आणायचं आहे असं सांगून ती निघाली. सगळं झाल्यापासून पहिल्यांदाच ती एकटी बाहेर पडली होती. स्टँडवर कुणी धक्का लागून गेलं की अंग आक्रसायचं. तरी ती खुलताबादच्या गाडीत चढली, बाईशेजारची जागा बघून बसली. दौलताबादचा घाट चढून गाडी वेशीतून आत शिरली. फुलं आणि चादरी विकणाऱ्या एका म्हाताऱ्याला तिनं विचारलं, "मनकर्णाबाई कुठं राहतात?"

"कौन, चक्कीवाली बाई?" तो म्हणाला. "सीधे जाव. आवाज आयेगा."

आवाज आलाच. एका बसक्या खोलीत पिठाची गिरणी चालली होती. दारात डबे घेऊन बायका बसलेल्या, बुरखेवाल्या, नऊवारीतल्या, सगळ्या एकत्र. आत एक उंच, हाडकुळी बाई धान्य ओतत होती. भुवया, पापण्या, केस सगळं पिठानं पांढरं झालेलं, त्यामुळं वय काही कळेना. पण तिनं मान वळवली आणि अंबिका दचकली. कान थेट अनंतरावांचे. तसेच मोठे, तसेच बाहेर आलेले.

"नंबर लाव," ती बाई म्हणाली. "दळण कुठंय?"

"दळण नाही आणलं. मी अनंतरावांची मुलगी. अंबिका."

मनकर्णाबाईनं बटण खाली केलं. पट्टा फडफडत थांबला. दारातल्या बायकांना ती म्हणाली, "थोड्या वेळानं या गं, जाव अब," आणि त्या कुरकुरत डबे तिथंच ठेवून उठल्या.

"अनंत्यानं पाठवलं?"

"नाही. तुम्ही आहात हेसुद्धा त्यांनी कधी सांगितलं नाही."

"मग कशाला आलीस?"

अंबिकेनं वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता आठवेना. ती सरळच म्हणाली, "माझ्यावर एका माणसानं बलात्कार केला. नाव घ्यायची गोष्ट निघाली, तर बाबा म्हणाले, नाव घेतलं की मनकर्णीसारखं होतं. म्हणजे कसं होतं, ते बघायला आले."

मनकर्णाबाईनं पदरानं तोंड पुसलं. पिठाखालून पन्नाशीला टेकलेला, सावळा, तरतरीत चेहरा निघाला. ती तोंड उघडून हसली, पण फार वेळ नाही. "बघ मग," ती म्हणाली. "ही गिरणी. ही मी. आत एक खोली हाय, तिथं झोपते. चहा घेशील का?"

चहा चांगला गोड होता. पोत्यावर बसून दोघी प्यायल्या. मनकर्णाबाईनं उगाच आढेवेढे घेतले नाहीत. उलट इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारायला आलं याचंच तिला अप्रूप वाटत असावं.

"आपलं गाव वैजापूर तालुक्यात, तुला ठावं असंल. पोलीस ॲक्शनच्या आधी दोन-तीन महिने गडी माणसं सगळी निजामाच्या सरहद्दीपल्याड गेलती. बाप गेला, अनंत्या गेला. आम्हा बायांना ठेवलं आप्पासाहेबाच्या घरी. आप्पासाहेब म्हंजी बापाचा चुलतभाऊ, तेवढाच मागं राहिलता. आम्ही काका म्हणायचो. मी सतरा-अठराची. बाहेर रझाकार येतील म्हणून घराच्या कड्या लावलेल्या, न् आत हा." ती थांबली. "गडी परत आले तवा मी आईला सांगितलं. आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. बाप म्हणला, रझाकारानं नेलं म्हण. लोक पाया पडतील तुझ्या. कुणी चांगला पोरगा लगीनबी करंल, तवा तशी हवाच होती. मी म्हणलं, पण आपल्या गावात रझाकार आलेच नाय."

"मग?"

"मग काय. मी नाय म्हणलं, तर त्यांनीच गावात सांगून टाकलं. झालं, लोक विचारायला लागले, रझाकार गावात आले कधी? वाट कुणी दावली? गावात मुसलमानाचं घर एकच. दादामियाँ तांबोळी. माझा बाप त्याच्या हातचं पान खायचा रोज."

अंबिकेच्या हातातला कप तसाच राहिला. "काय केलं त्यांना?"

"मारलं. घर पेटवलं. मी चावडीवर पळत गेले, सगळ्यांपुढं आप्पासाहेबाचं नाव घेतलं. तवर उशीर झालता. दादामियाँ बायकापोरं घेऊन कुठं गेला, जगला का मेला, मला ठावं नाय. इथं उरुसाला लांबून लांबून माणसं येतात, दर साली मी विचारते. कुणाला ठावं नाय." तिनं कप खाली ठेवला. "मला मातुर मग घरात ठेवायची सोय राहिली नाय. अनंत्यानं बैलगाडीत बसवून इथं आणलं. लक्ष्मीबाई म्हणून एक विधवा होती, तिची गिरणी. तिनं ठेवून घेतलं. मरताना गिरणी माझ्या नावावर केली."

"आणि आप्पासाहेब?"

"ते मोठे झाले. सत्कार-बित्कार. मेले मागं."

बाहेर बायकांची चुळबुळ सुरू झाली होती. अंबिकेनं विचारलं, "तुम्हाला पस्तावा होतो?"

मनकर्णाबाईनं खरंच विचार केला. "कधी होतो, कधी नाय. पोरंबाळं असती, घर असतं. सणाच्या दिवशी वाटतं, म्हणलं असतं रझाकार तर काय बिघडलं असतं. मग दादामियाँ आठवतो. पण मी सांगते म्हणून तू काही करू नको. मी हरलेली बाई हाय, गं. एक सांग, तुझ्या कागदात काय लिहिलंय?"

"अनोळखी इसम."

"मग कुणाला धरलं?"

"कुणालाच नाही."

"अजून नाय," मनकर्णाबाई म्हणाली आणि उठून तिनं बटण दाबलं. पट्टा फिरायला लागला तसं तिला आवाज चढवून बोलावं लागलं. "अनंत्या आलता एकदा. खूप वर्षं झाली. बायांच्या मागं नंबरात उभा राहिला, डब्यात ज्वारी घेऊन. मी दळून दिली. एक शब्द बोलला नाय, पीठ घेऊन गेला. औरंगाबादेत गिरण्या नसतील का? त्याला विचार, कशाला आलता. मला अजून कळलं नाय."

अंबिका घरी पोचली तेव्हा दिवस मावळायला आला होता. फाटकात पुंजाराम हवालदार उभे होते, चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचं समाधान. "माणूस घावला," ते म्हणाले. "फकिरा नावाचा. रुळाच्या कडंला पाल ठोकून राहतो, खडी फोडतो. दोन-चार पडल्यावर कबूल बी झाला. सकाळी ठाण्यावर या ओळखायला."

अंबिका जागच्या जागी उभी राहिली. तो माणूस नुसता धरला नव्हता. आपण न केलेलं आपण केलं असं त्याच्याकडून वदवूनही घेतलं होतं. एखाद्याला असं किती मारल्यावर तो ते म्हणत असेल, हे तिच्या डोक्यातून जाईना.

घरात केशवच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसत होतं. "दारुडा आहे तो," तो म्हणाला. "पुरावा नसला तर सुटेलही चार-सहा महिन्यांत. तू फक्त मान हलव."

"दारुडा आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"पुंजाराम म्हणाले."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"अंबे, बद्रीनाथचं नाव घेतलंस तर कारखाना बंद होईल, कळतंय का? मशीन त्याचं आहे." केशवचा आवाज फाटला. त्यालाही झोप नव्हती, हे तिला दिसत होतं. रोज त्याच शटरखालून तो आत जात होता, त्याच माणसाशेजारी उभा राहून काम करत होता. ते त्याला कसं जमत होतं, याचंही तिला कोडं पडलं होतं.

अनंतराव खुर्चीत बसले होते. अंबिका त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, दादामियाँ तांबोळ्यांचं पुढं काय झालं?"

भानुमतीनं हातातलं भांडं खाली ठेवलं. अनंतराव लेकीकडं बघत राहिले. "तू खुलताबादला गेली होतीस," ते म्हणाले.

"हो."

"कशी आहे ती?"

"बरी आहे. कान तुमच्यासारखे आहेत. दादामियाँचं काय झालं?"

"मी आग लावली नाही," अनंतराव म्हणाले. मग म्हणाले, "पण मी तिथं होतो. बघत उभा होतो. रझाकार आले नव्हते हे मला माहीत होतं, मनूनं मला आधीच सांगितलं होतं. पुढं त्यांचं काय झालं, मी कधी चौकशी केली नाही."

"आणि तुम्ही दळण घेऊन का गेला होतात?"

"तिला घरी ये म्हणायला गेलो होतो. नंबर आल्यावर बोलता आलं नाही."

केशव उठून बाहेर गेला. सकाळी अंबिका चपला घालत होती, तर अनंतराव कोट चढवून दारात उभे. भानुमती मागून आली. तिनं लेकीच्या हातात तांब्या दिला, पाणी प्यायला लावलं, आणि म्हणाली, "नीट सांग. घाई करू नको."

ठाण्यात फकिराला भिंतीशी बसवलं होतं. चाळिशीचा, वाळलेला माणूस. एक डोळा सुजून मिटलेला. उघड्या डोळ्यानं तो अंबिकेकडं टक लावून बघत होता. त्यात राग नव्हता. जिच्यासाठी आपल्याला एवढं मारलं ती बाई आहे तरी कोण, एवढंच त्याला बघायचं असावं.

"हाच का?" जमादारानं विचारलं.

"नाही. यांना मी कधीच पाहिलेलं नाही." या वेळी आवाज आला, जरा जाडसर, पण आला. "त्या माणसाचं नाव बद्रीनाथ. माझ्या भावाचा भागीदार. कारखान्यात झालं, रुळावर नाही."

जमादारानं लेखणी खाली ठेवली. "बाई, आधीच्या जबाबावर सही तुमची आहे."

"माझीच आहे. जबाब खोटा आहे."

"मग सही का केली?"

अंबिका उत्तर द्यायच्या आत अनंतराव पुढं झाले. "मी करायला लावली," ते म्हणाले. "तेही लिहून घ्या."

फकिराला सोडायला दोन दिवस लावले. तोवर गारखेड्यातलं वारं फिरलं होतं. अंबिकेच्या ध्यानात आलं, की डबे यायचे थांबले. अनोळखी माणसानं केलं तोवर ती बिचारी होती. ओळखीच्या माणसाचं नाव येताच बायका म्हणायला लागल्या, ती तिथं गेलीच कशाला, डबा द्यायला नोकर नव्हता का. त्याच बायका, तेच अंग, तीच फाटलेली बाही. फक्त एक शब्द बदलला होता. तिला राग यायचा, रडूही यायचं, आणि तरी या गोष्टीकडं बघितल्यावाचून राहवायचं नाही. वच्छलाबाई तेवढ्या नळावर तिची घागर पुढं घ्यायच्या. बोलायच्या मात्र नाहीत. कॉलेजनं 'काही दिवस घरीच राहा' म्हणून सांगितलं आणि ते दिवस संपलेच नाहीत. कारखान्याला कुलूप लागलं. केशव पुण्याला निघून गेला. त्याचं खुशालीचं कार्ड यायचं ते आईच्या नावानं, त्यात बहिणीचा उल्लेख नसायचा.

खटला उभा राहायला दीड वर्ष गेलं. मनकर्णाबाई गिरणी बंद ठेवून प्रत्येक तारखेला आली, डोक्यावरून पदर घेऊन मागच्या बाकावर बसली. पहिल्या दिवशी ती आणि अनंतराव कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली एकमेकांसमोर आले. मग तिनं पिशवीतून दोन पेरू काढले आणि एक त्यांना दिला. ते उभ्या उभ्या खाऊ लागले.

आरोपीच्या वकिलानं अंबिकेला त्या पहिल्या सहीबद्दल फिरून फिरून विचारलं. खरं कधी बोलता, तेव्हा की आता? तिनं एकदा पाणी मागितलं, पण उत्तर बदललं नाही. अनंतरावांनी साक्षीत आपलं खोटं स्वतः सांगितलं. मग एक दिवस न्यायाधीशांनी बद्रीनाथला उभं केलं. त्या दुपारी तुम्ही कारखान्यात होता का? शटर कुणी ओढलं? ही बाई तिथं आली होती का? बद्रीनाथ 'खोटं आहे', 'माहीत नाही' म्हणत गेला, पण गळ्याशी हात नेऊन सारखं बटण चाचपत होता. मनकर्णाबाई बाकावरून अर्धवट उठून त्याच्याकडं बघत होती. शिपायानं तिला खाली बसायला सांगितलं. बाहेर आल्यावर ती अंबिकेला म्हणाली, "मला बघायचं होतं, असं विचारलं की गड्याचं तोंड कसं होतं. आप्पासाहेबाला कुणी विचारलंच नाय ना."

निकालात बद्रीनाथ सुटला. पहिला जबाब वेगळा, तक्रारीत विसंगती, म्हणून संशयाचा फायदा. त्याच्या माणसांनी आवारातच पेढे वाटले. अंबिकेला वाटलं होतं आपण कोसळू. तसं काही झालं नाही. भूक लागली. तिघं चालत स्टँडवर आली. खुलताबादची गाडी लागलेली होती. मनकर्णाबाई खिडकीशी बसली आणि तिनं बाहेर मान काढली.

"हे संशयाचा फायदा म्हंजी काय गं? त्यानं केलं नाय असं म्हणले का?"

"नाही. केलं हे सिद्ध झालं नाही, असं म्हणाले."

"ह्या दोन्हीत फरक हाय?"

"आहे, आत्या. थोडा आहे."

"तू घेतलेलं नाव खोटं असं कुठं लिहिलं?"

"तसं नाही लिहिलं."

"मग त्याचं नाव त्या कागदात राहिलं म्हण की."

"राहिलं. कायमचं."

मनकर्णाबाईनं यावर विचार केला. पटलं की नाही ते तिच्या तोंडावरून समजेना. गाडी सुरू झाली तशी ती ओरडून म्हणाली, "वरच्या कोर्टात काय करतात? तिथंबी गड्याला उभं करून विचारतात का?"

अंबिकेला ते ठाऊक नव्हतं. ती वडिलांकडं वळली. त्यांनाही ठाऊक नव्हतं. "वकिलांना विचारू," ते म्हणाले, आणि दोघं घरी न जाता परत कोर्टाकडं चालायला लागले.